वाटाण्याच्या अंकुरापासून 'राजा हरिश्चंद्रा'पर्यंत : चित्रपटाच्या विद्यार्थ्याची घडण

चित्रपटविद्येच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी प्रथम एखादा लहान सराव-चित्रणाचा पाठ करतो आणि अखेरीस एक पूर्ण चित्रपट सादर करतो. या दोन टप्प्यांतील अंतर केवळ लांबीचे, खर्चाचे आणि सफाईचे आहे, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. सराव म्हणजे छोटा चित्रपट आणि चित्रपट म्हणजे मोठा सराव, असा हा समज आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासकांना या समजाची ओळख जुनी आहे. कथा म्हणजे आखूड कादंबरी, ही समजूतही एके काळी अशीच रूढ होती. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची असून त्यासाठी धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे उदाहरण मुख्यत्वे घेतले आहे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून फाळके यांचा गौरव पुष्कळ झाला आहे. विद्यार्थी या नात्याने त्यांचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो.

१. चाळिशीनंतरचा विद्यार्थी

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, ठसे तयार करणे, रंगीत छपाई असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून ते या कलेकडे ओढले गेले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी गाठली होती. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांच्या मदतीने त्यांना सेसिल हेपवर्थ यांचा कारखाना पाहावयास मिळाला. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते परतले. हा सर्व प्रवास फाळके यांनी स्वतः १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकातील लेखांत सांगितला आहे. हे लेख मराठी आत्मपर गद्य म्हणूनही वाचण्याजोगे आहेत; कारण त्यांत यशापेक्षा शिकण्याचीच हकीकत अधिक आहे.

२. पहिला पाठ : काळ

फाळके यांचा पहिला पाठ 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जातो. कुंडीत वाटाणे पेरून, समोर कॅमेरा स्थिर ठेवून, ठरावीक अवधीने एकेक चौकट टिपत त्यांनी महिन्याहून अधिक काळ रोपाची वाढ चित्रित केली आणि ती मिनिटभराच्या पटात आणली. काही अभ्यासक हा प्रयोग इंग्लंडच्या प्रवासापूर्वीचा मानतात, तर बहुतेक जण त्यानंतरचा. कोणताही क्रम स्वीकारला तरी तो 'हरिश्चंद्रा'च्या आधीचा आहे, एवढे येथे पुरेसे आहे. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० मध्ये याच पद्धतीने फुलांच्या उमलण्याचे चित्रण केले होते.

या पाठात विद्यार्थ्याने काय साधले ? मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी हे प्रमाण रूढ होते. त्या हिशेबाने मिनिटभराच्या पटात हजारभर चौकटी येतात, आणि त्यांतील प्रत्येक चौकट केव्हा घ्यावयाची याचा निर्णय एकाच माणसाने घेतलेला असतो. काळ हा चित्रपटाचा कच्चा माल आहे व तो आवळता येतो, हे ज्ञान येथे हाताला मिळाले. मात्र या पाठाची मर्यादाही याच ठिकाणी दिसते. वाटाण्याला सूचना द्याव्या लागत नाहीत, त्याचे मन वळवावे लागत नाही आणि तो नकारही देत नाही. विद्यार्थ्याचा संबंध येथे यंत्राशी आणि निसर्गाशी येतो. माणसाशी येत नाही.

हा मिनिटभराचा पट फाळके यांनी निवडक परिचितांना दाखविला आणि त्यातून चित्रपटासाठी कर्ज उभे राहिले. पाठाचा हा उपयोग दुय्यम नव्हे. आपल्याला ही विद्या येते, याचा पुरावा दुसऱ्यासमोर ठेवण्याची गरज विद्यार्थ्याला येथे प्रथमच भासली.

३. दुसरा पाठ : माणसे

'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. म्हणजे येथे एकूण चौकटींची संख्या ५९ हजारांच्या घरात गेली. एकेका चौकटीवर स्वतः पहारा देण्याची पद्धत इथे निरुपयोगी होती. फाळके यांनी त्र्यंबकेश्वरचे आपले स्नेही त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा चालविण्यास शिकविले. विद्यार्थी अवघ्या काही महिन्यांत शिक्षक झाला, आणि ज्या यंत्रासाठी त्याने समुद्रपार प्रवास केला होता ते त्याला दुसऱ्याच्या हाती द्यावे लागले. हा बदल तांत्रिक नाही. जे आपल्याला उमगले ते दुसऱ्याला उमगेल अशा शब्दांत सांगता येणे, ही निराळी विद्या आहे.

सरस्वतीबाई फाळके यांचा वाटा याच संदर्भात पाहिला पाहिजे. कोऱ्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडणे, रसायनांच्या कामात हात लावणे आणि चित्रपटात काम करणाऱ्या सर्वांचा स्वयंपाक करणे ही कामे त्यांनी केली. दादरचे घर हेच कार्यालय, प्रयोगशाळा आणि भोजनगृह होते. एकट्या कर्त्याची कल्पना या घरापाशी थांबते.

स्त्रीभूमिकांसाठी स्त्रिया मिळाल्या नाहीत, हे सर्वश्रुत आहे. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. ते उपाहारगृहात काम करीत असत. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके यांनी आणि रोहिदास फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने साकारला. समाजाचा नकार हाही चित्रपटाच्या घटकांपैकी एक आहे आणि त्याच्याशी तडजोड करीतच कृती आकार घेते, हे सराव-चित्रणात कधीच कळले नसते. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई यांनी भूमिका केल्या. यावरून हा धडा पुढच्या चित्रपटात लगेच वापरला गेला, असे म्हणता येईल.

४. तिसरा पाठ : प्रेक्षक

१८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात रामचंद्र गोपाळ उर्फ दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखविण्यात आला होता. तो नाट्यप्रयोगाचे चित्रण होता. प्रेक्षकाची जागा तेथे नाट्यगृहातल्या आसनाइतकीच ठरलेली होती. 'राजा हरिश्चंद्र' २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांपुढे आणि ३ मे १९१३ रोजी त्याच कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी दाखविला गेला. त्याची कथा प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक होती. त्यामुळे पुढे काय होणार यापेक्षा ते कसे दिसणार, यावर लक्ष केंद्रित करणे शक्य झाले. देवाचे अकस्मात प्रकट होणे व अदृश्य होणे यासाठी कॅमेरा थांबवून पुन्हा चालू करण्याची युक्ती वापरली आहे. तिचे मूळ वाटाण्याच्या कुंडीपाशीच आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या पाठात हे तंत्र निसर्गाचे निरीक्षण करण्यासाठी होते; चित्रपटात ते श्रद्धेला दृश्यरूप देण्यासाठी आले. तंत्र तेच राहिले, त्याचा अर्थ मात्र प्रेक्षकामुळे बदलला.

५. शतकानंतरचे एक उदाहरण

हीच वाट निराळ्या काळात नागराज मंजुळे यांच्या बाबतीत दिसते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे संज्ञापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. 'फँड्री' हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. लघुपटात शाळेची ओढ असलेला, परंतु परिस्थितीने तिच्यापासून तोडलेला मुलगा केंद्रस्थानी आहे. 'फँड्री'तही वंचित मुलगाच आहे; पण डुक्कर पकडण्याच्या प्रसंगात ते कुटुंब जेवढे दिसते तेवढाच त्याच्याकडे खेळ म्हणून पाहणारा गावही दिसतो. अखेरचा दगड तर थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. सरावात दुःख टिपले गेले. चित्रपटात त्या दुःखाकडे पाहणाऱ्यालाही चौकटीत ओढले गेले. फाळके यांनी प्रेक्षकाची श्रद्धा गृहीत धरली, मंजुळे यांनी प्रेक्षकाचे सोयीस्कर अंतर नाकारले. दिशा परस्परविरुद्ध आहेत. परंतु प्रेक्षक हा कृतीचा घटक आहे, ही जाण दोघांकडे पूर्ण चित्रपटातच आलेली दिसते.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

या विवेचनाचा उपयोग महानगरांपासून दूर असलेल्या महाविद्यालयांना विशेष आहे. बुलढाणा जिल्ह्याचेच उदाहरण घेता येईल. लोणारच्या सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा ते सर्वत्र चर्चेचा विषय बनले. त्या काठावर एकाच जागेवरून वर्षभर पाण्याचा रंग टिपत राहणे, किंवा खामगाव परिसरातील एखाद्या शेतात पऱ्हाटीचे बोंड फुटेपर्यंतचे दिवस चौकटीत आणणे, हा आज मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही करता येणारा उत्तम पहिला पाठ आहे. त्यातून विद्यार्थ्याला काळ हाताळता येईल. परंतु बोंड फुटल्यावर ते वेचणारी बाई शेतात येते, आणि चित्रपटाचा प्रश्न तेथे सुरू होतो. तिची मजुरी किती, ती चित्रणास संमती देते का, तयार चित्रपट ती पाहील तेव्हा तिला त्यात स्वतःची ओळख पटेल का, या प्रश्नांची उत्तरे बोंडाच्या चित्रणातून मिळणार नाहीत.

थोडक्यात, सराव-चित्रण आणि पूर्ण चित्रपट यांतील फरक लांबीचा नसून संबंधांचा आहे. पहिल्यात विद्यार्थी वस्तूशी आणि काळाशी नाते जोडतो. दुसऱ्यात सहकाऱ्यांशी, नकार देणाऱ्या समाजाशी आणि पाहणाऱ्याशी. म्हणून पहिल्या पाठाचे मूल्यमापन चित्रपटाच्या निकषांवर करणे जसे अन्यायाचे, तसेच सरावातील निर्दोष सफाईलाच चित्रपटाची सिद्धी समजणे हे दिशाभूल करणारे ठरते. आपल्या अभ्यासक्रमांत पहिल्या पाठासाठी गुण आणि शेवटच्या कृतीसाठी प्रमाणपत्र असते. मधल्या वाटचालीची नोंद मात्र क्वचितच मागितली जाते. फाळके यांनी 'नवयुग'मधून ती नोंद आपणहून लिहून ठेवली. चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून अशी मराठी नोंद लिहून घेणे, हे काम मराठी विभागांना करता येण्याजोगे आहे.