मामा, गरम मका!

कळंब, जि. धाराशिव
२५ जुलै

चि. माईस,


दुसरीची लेकरं अख्खा धडा घडाघडा म्हणतात, पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की मान खाली घालतात, असं तू परवा फोनवर म्हणालीस. घाबरू नकोस. त्यांचा धडा पाठ झालाय, वाचन अजून यायचंय. हे फक्त भूम तालुक्यातल्या तुझ्या द्विशिक्षकी शाळेतच घडतं असंही समजू नकोस. एकजण पुढं म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात, आवाज तिसऱ्या गल्लीत जातो आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं शाळा जोरात चाललीय. त्या गलक्यात न वाचणारं लेकरू सुखानं लपून राहतं.

म्हणून माझं मुख्य सांगणं एकच: रोज चार-पाच लेकरांना एकेकटं जवळ बसवून वाचायला लाव आणि कान देऊन ऐक. तेवढा वेळ बाकीच्यांना जोडीजोडीनं पुस्तक दे. पहिली आणि दुसरी तुझ्याकडं एकत्रच आहेत, हे अशा वेळी उलट सोयीचं. दुसरीतली पोरगी पहिलीतल्या भावाला माझ्यापेक्षा बरं शिकवते. ऐकताना लेकरू कुठं अडलं तेवढं वहीत टिपून ठेव. ‘वाचतो’, ‘वाचत नाही’ एवढंच लिहिलंस तर ती वही केंद्रप्रमुखांना दाखवायला कामी येईल, तुला नाही.

आणि अडण्याच्या जागा ठरलेल्या असतात बघ. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’. अशा दिसायला सारख्या अक्षरांची जोडी एकाच आठवड्यात कधी शिकवू नये. एक पक्कं होऊ दे, मग दुसरं. ‘ख’ सुटा लिहिला की लेकरू ‘रव’ वाचतं, यात त्याची काही चूक नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर, हेही त्याला विचित्र वाटतं, आणि वाटायलाच हवं. आपल्या ‘र’चा खेळ तर विचारूच नकोस. ‘सूर्य’मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पोटात शिरतो, ‘ट्रक’मध्ये पायाशी जातो आणि ‘वाऱ्या’त आणखी वेगळाच होतो. मोठ्यांना हे सवयीनं दिसत नाही. लेकरू मात्र प्रत्येक ठिकाणी ठेचकाळतं आणि आपण त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतो.

जुनी रीत अशी, की आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी आणि दिवाळीनंतर कधीतरी पहिला शब्द. इतके महिने लेकरानं अर्थाशिवाय नुसतं गिरवत का बसावं? ‘म’, ‘र’, ‘ग’, ‘क’ एवढी चार अक्षरं आणि काना आला, की फळ्यावर लिही: ‘मामा, गरम मका!’ पहिलीतलं पोर हे स्वतः वाचून हसतं. हसलं म्हणजे कळलं. वेगळी परीक्षा घ्यायला नको. मग ‘त’ आणि दुसरी वेलांटी आली, की ‘माती’ येते आणि ‘काकी’, ‘मामी’ अशी घरचीच मंडळी फळ्यावर जमतात. दर दोन-चार अक्षरांनंतर काहीतरी खरं वाचायला मिळालं पाहिजे, एवढं सांभाळ. बाराखडी म्हणू नये असं नाही. म्हणू देत, चालीवर म्हणायला त्यांना आवडतं. फक्त तिच्यासाठी वाचन थांबवून ठेवू नकोस.

हजेरी तू वाचायचीच नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांवर प्रत्येकाचं नाव लिही, लेकरानं येताना आपली पट्टी शोधून दोरीला अडकवायची. ‘श्रावणी’, ‘कृष्णा’ ही जोडाक्षरांची नावं ती लेकरं अक्षरओळख व्हायच्या आधीच ओळखायला लागतात. उरलेल्या पट्ट्या कुणाच्या, म्हणजे आज कोण आलं नाही, हेही तीच वाचून सांगतील.

पुस्तकातल्या धड्याइतकाच त्यांनी सांगितलेल्या वाक्याचा धडा कर. सकाळी विचार, काल घरी काय झालं. एखादा म्हणेल, ‘बाप बैल धुवायलाय.’ तसंच्या तसं फळ्यावर लिही. ‘वडील बैल धूत आहेत’ असं त्याच्या तोंडचं बदलू नकोस. आपण बोललो तेच उमटलं, हे त्याला दिसू दे. पुस्तकी वाक्य पुढं शेजारी लिहिता येतं, आणि लिहिलंही पाहिजे, पण नंतर. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांनी आधी फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली आणि मग तिथंच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. लेकराची बोली आधी ऐकायची, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आपल्या भागात तर ही अडचण जुनीच. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या मुलखात होतो, वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू. घरात मराठी बोलणारी पोरं शाळेत परक्या भाषेत शिकली. उद्या तुझी बदली तुळजापूर-नळदुर्गाकडच्या तांड्यावर झाली तर गोरमाटी बोलणारी लेकरं असतील, उमरग्याकडं कन्नड. तिथं पहिले काही महिने लेकराला गोष्ट त्याच्या बोलीत सांगू दे, मोठी पोरगी ती मराठीत सांगेल.

खिचडीनंतर वर्ग पेंगतो. ती वेळ गोष्ट वाचून दाखवायची. तोंडी सांगायची नाही, पुस्तक लेकरांकडं वळवून, ओळीखाली बोट सरकवत वाचायची. अर्ध्यात थांबून ‘आता काय होईल?’ एवढंच विचार. ‘यातून काय बोध मिळतो?’ हा प्रश्न परिपाठातल्या बोधकथेला पुरे आहे, आणि खरं सांगू का, तिथंही नसला तरी चालेल. तो विचारला रे विचारला की लेकरं गोष्ट विसरून ‘खोटं बोलू नये’ म्हणून मोकळी होतात. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मागवून घे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पहिली-दुसरीला ते स्वतः वाचायला जड जातात, पण तू वाचून दाखवायला चांगले. आणि पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवू नकोस. दोन-चार फाटतील. फाटलेलं पुस्तक वापरलेलं असतं, साठा नोंदवहीत काय लिहायचं ते मुख्याध्यापकांशी बोलून घे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा फोटो गटावर टाकावा लागतो, तो टाक. दुसऱ्या दिवशी पुस्तकं पुन्हा बाहेर दिसली म्हणजे झालं.

‘निपुण भारत’ अभियानातले वाचनवेगाचे आकडे तुला प्रशिक्षणात सांगितले असतीलच: दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०, आणि तेही अर्थ समजून. मोजायला हरकत नाही. पण घड्याळ हातात धरलं की लेकरू पळायला लागतं आणि ‘समजून’ हा शब्द मागं राहतो. आधी लेकराला सावकाश वाचू दे, काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगू दे. वेग सरावानं येतो.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. भूम, वाशी, कळंब, परंडा, आपल्या या तालुक्यांतून दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी कोयता घेऊन नवरा-बायकोच्या जोड्या साखर कारखान्यांकडं निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे पहिलीतल्या लेकराला जेमतेम अक्षरं जुळायला लागतात आणि ते फडावर जातं. परत येतं तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो, ते मागच्या भिंतीला बसतं आणि तिथंच राहतं. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढं वेळेवर जाऊ दे. आजी-आजोबांपाशी राहणारं लेकरू त्यामुळं जेवून-खाऊन शाळेत टिकतं. आई-बापांना एकदा नाही, चारदा भेट. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा भरवली होती. तुला फडावर जाता येणार नाही, पण जाणाऱ्याच्या पिशवीत तू काहीतरी घालू शकतेस. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक तर द्यायचंच, त्याच्याबरोबर दोन पातळ गोष्टीची पुस्तकं आणि त्याच्याच वाक्यांची एक वही. आणि परत आल्यावर त्याला वर्गाच्या पानावर ओढू नकोस, जिथं सोडलं होतं तिथून उचल. त्या काळात एकेकट्यानं वाचून घ्यायची पहिली पाळी त्याची.

दसऱ्याच्या आधी तुझ्या वर्गातली कोण कोण जाणार आहेत ती यादी मला कळव. तेवढी पुस्तकं मी एसटीनं पाठवते, भूमच्या स्टँडवर कुणाला तरी घ्यायला लाव.

तुझी,
आत्या