गटाचे निष्कर्ष, एकाचे निदान

लक्ष-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजे लक्ष टिकवणे, एका जागी बसणे आणि उतावळेपणा आवरणे हे वयाच्या मानाने सातत्याने अवघड जाणे, आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी, दृष्टी, श्रवण व शिकवणी यांत उणेपणा नसतानाही मूल वाचन, लेखन किंवा गणन यांत मागे पडणे, या दोहोंवरील संशोधन गेल्या शतकभरात इतके वाढले आहे की ज्याला जो निष्कर्ष हवा तो त्यात सापडतोच. हे संशोधन बहुतांशी गटांविषयी बोलते, तपासणीच्या खोलीत मात्र एकच मूल बसलेले असते. या दोहोंमधील अंतर विसरून काढलेली अनुमाने कुटुंबाला कुठवर नेतात, हे प्रस्तुत लेखिकेने स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने पाहिले असून पुढील विवेचन त्या अनुभवातून आलेले आहे.

मुलगा तिसरीत असताना त्याला मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध, म्हणजे मेंदूतील डोपामिन व नॉरएड्रेनालिन या रसायनांचा परिणाम वाढवणारे औषध, सुरू करण्यात आले. त्याच्या वर्गातील वह्या पूर्ण होऊ लागल्या आणि त्यावरून ‘औषध लागू पडले, म्हणजे निदान बरोबर’ असा निर्वाळा एका समुपदेशकांनी दिला. हा युक्तिवाद ऐकताक्षणी पटतो, आणि त्याची मुळे जुनी आहेत. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनसमस्या असलेल्या 30 मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक द्रव्य देऊन पाहिले, तेव्हा जवळपास निम्म्या मुलांचा शालेय अभ्यास ठळकपणे सुधारल्याचे त्यांनी 1937 मध्ये नोंदवले. तथापि ज्युडिथ रॅपोपोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये कोणताही विकार नसलेल्या मुलग्यांना त्याच जातीचे औषध दिले असता त्यांचीही हालचाल कमी झाली व लक्ष वाढले, असे आढळले. म्हणजे औषधाने फरक पडणे ही औषधाच्या गुणाची खूण आहे, विकार असल्याची नव्हे. प्रस्तुत मुलाची पुढे सविस्तर तपासणी झाली तेव्हा मूळ अडचण वाचनाची निघाली, आणि जो मजकूर वाचताच येत नाही त्यावर लक्ष ठरत नव्हते, एवढाच त्या चंचलतेचा अर्थ होता. अर्थात अनेक मुलांत दोन्ही अडचणी एकत्र नांदतात, त्यामुळे एक सापडली म्हणून दुसरीचा शोध थांबवणे हेही तितकेच घातक ठरते, आणि वरील विवेचन औषधांविरुद्धचा दाखला म्हणून वापरण्याजोगे नाही.

औषधांविषयीचा एकच अभ्यास दोन्ही पक्षांना कसा उपयोगी पडतो, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील बहुकेंद्री उपचार-अभ्यासात मिळते. सात ते नऊ वर्षे वयाच्या 579 मुलांची चार गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून 14 महिने उपचार केल्यावर, विकाराच्या मुख्य लक्षणांबाबत काटेकोरपणे दिलेले औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले, असे 1999 मध्ये जाहीर झाले. तीन वर्षांनंतरच्या स्थितीचा 2007 मधील अहवाल मात्र गटागटांतील हा फरक उरला नसल्याचे सांगतो. पहिला अर्धा भाग सांगणारा औषधाचा पुरस्कर्ता होतो आणि दुसरा सांगणारा विरोधक; प्रत्यक्षात 14 महिन्यांनंतर प्रत्येक कुटुंबाने आपापला उपचार निवडला होता, कोणी औषध थांबवले तर कोणी नव्याने घेतले. म्हणून कोणताही निष्कर्ष ऐकताना मुलांचे निरीक्षण किती काळ झाले, हे आधी विचारावे.

वयाचा प्रश्न त्याहून कमी विचारला जातो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, जिथे शाळाप्रवेशासाठी 31 डिसेंबर ही वयाची सीमा आहे, नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्यावर डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना या विकाराचे निदान मिळण्याची शक्यता जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा 30 टक्क्यांनी जास्त असल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गातील सर्वांत लहान मूल चंचल दिसते, कारण ते लहानच असते. तेव्हा शिक्षिकेने मुलाच्या वर्तनाविषयीची प्रश्नावली भरण्यापूर्वी मुलाची जन्मतारीख पाहिली आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

वाचन-अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्रातील खरी अडचण भाषेची आहे. घरी मराठी बोलणाऱ्या आणि इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाची चाचणी केवळ इंग्रजीत झाली, तर अहवालातील कमी गुण अक्षमतेचे की भाषेच्या अपरिचयाचे, हे सांगता येत नाही. प्रस्तुत प्रकरणातील पहिला अहवाल अशाच चाचणीवर उभा होता. मराठीतील चाचणीतही चुकांचे स्वरूप पाहावे लागते: ऱ्हस्व-दीर्घाची गल्लत बहुतेक सर्वच मुले करतात, उलट उच्चारात व्यंजनानंतर येणारी पण लेखनात त्याच्या आधी येणारी पहिली वेलांटी, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसणारा रफार आणि जोडाक्षरे यांवर मूल सरावानंतरही वारंवार अडत असेल तर ते अधिक बोलके असते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी ‘डाली’ हा चाचणीसंच उपलब्ध करून दिला असल्याने केवळ इंग्रजी चाचणीवर समाधान मानण्याचे कारण उरलेले नाही.

अक्षरे उलटी दिसतात म्हणून वाचता येत नाही, हा समजही असाच चिवट आहे. सॅम्युअल ऑर्टन यांच्या 1925 मधील मांडणीने त्याला बळ दिले. पुढील संशोधनाने अडचणीचे मूळ प्रामुख्याने शब्दांतील ध्वनी वेगळे ओळखण्यात असल्याचे दाखवले. तरी रंगीत भिंगांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम विकले जातातच, आणि प्रस्तुत कुटुंबालाही ते सुचवले गेले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी 2009 मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे अशा उपचारांना शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. तोच पैसा व वेळ ध्वनी आणि अक्षर यांची सांगड क्रमाने शिकवणाऱ्या उपचारात्मक अध्यापनावर खर्च व्हावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला असून 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळू शकत होते आणि 14 व 18 व्या वर्षी फेरतपासणी करावी लागत होती. त्यामुळे पहिल्या तपासणीचा अहवाल एका ओळीच्या निदानावर न थांबवता प्रत्येक उपचाचणीचे गुण, चाचणीची भाषा आणि तारीख यांसह लेखी मागून घ्यावा, आणि दरवर्षीच्या एकदोन वह्या त्याच्याबरोबर जपून ठेवाव्यात.