मोगरा रुसला तर

मोगऱ्याला उर्दूत मोतिया म्हणतात. हे नाव त्याला शोभते. त्याची पांढरी, टपोरी कळी मोत्यासारखीच दिसते. फिलिपीन्स देशाने १९३४ साली याच फुलाला राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

नीट सांभाळला तर वाफ्यातला मोगरा पुष्कळ वर्षे टिकतो. पण कधी कधी जुना मोगरा मलूल होतो. पाने पिवळी पडतात, कळ्या येत नाहीत. मग घरातील मंडळी आणखी पाणी घालतात, नाहीतर मूठभर खत टाकतात. एवढे करूनही झाड सुधारले नाही, की ते उपटून टाकतात. पण नाडी न पाहता औषध देणाऱ्या हकिमाकडे कोणी जाईल का?

प्रथम झाड जिवंत आहे का ते पाहा. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवा, ओलसर भाग दिसला तर फांदी जिवंत आहे. कोरडा, तपकिरी भाग दिसला तर आणखी खाली खरवडून पाहा. बुंध्याजवळ हिरवे दिसले तरी आशा आहे.

मग मातीत दोन पेरे बोट घाला. माती चिखलासारखी असेल, कुबट वास येत असेल, तर मुळांना हवा मिळत नाही. ती कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून ओल्या मातीतही पाने मान टाकतात. झाड तहानलेले आहे असे समजून आपण पुन्हा पाणी घालतो! पावसाळ्यात मोगरे दगावतात ते बहुधा असेच.

आता पाने पाहा. खालची, जुनी पाने पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी पडले आहे. कुजलेले शेणखत द्यावे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह कमी आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असले तरी मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून मोठ्या माणसांकडून पानांवर फवारून घ्यावे. पाने हिरवीगार असून फुले नसतील, तर सावली पडते का ते पाहा. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन हवे.

मुळे कुजली असतील तर झाड मातीसकट हलकेच काढा. काळी, मऊ मुळे कापा. वाळलेल्या फांद्याही छाटा. वाफा थोडा उंच करून मातीत वाळू व शेणखत मिसळा आणि झाड पुन्हा लावा. काही दिवस त्यावर सावली करा. नवी पालवी फुटेपर्यंत वरून खत देऊ नका. दुखऱ्या मुळांना ते सोसत नाही.

निरोगी मोगऱ्याची छाटणी मात्र हिवाळ्यात करावी. फुले नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून छाटलेला मोगरा उन्हाळ्यात भरभरून फुलतो. आजारातून उठलेल्या झाडाला पहिल्या वर्षी थोडीच फुले येतील.

स्वाध्याय
१. ओल्या मातीतही मोगरा मान का टाकतो?
२. जुनी पाने पिवळी पडणे व कोवळी पाने पिवळी पडणे यांत काय फरक आहे?
३. घराजवळच्या एका मलूल झाडाची तपासणी करा व पाच वाक्ये लिहा.