टाळूची शिवण आणि जिभेखालची पुटी

जिभेचे टोक टाळूवर मधोमध पुढून मागे फिरवून पाहा. एक बारीक, उंचशी रेघ लागेल. ही निसर्गाने घातलेली शिवण होय. आपण आईच्या पोटात असताना पहिल्या तीन महिन्यांत टाळूचे डावे-उजवे भाग वाढत येऊन येथे जुळले.

जुळताना काही पेशी सांध्यात अडकून पडतात. नवजात बालकाच्या टाळूवर मोत्यासारखे पांढरे कण दिसतात, ते त्यामुळेच. प्रागचे बालरोगतज्ज्ञ एपस्टाइन यांनी १८८० मध्ये त्यांचे वर्णन केले. पुष्कळांना ते दात वाटतात. पण काही आठवड्यांत ते आपोआप नाहीसे होतात.

जिभेखालच्या सांध्यात त्वचा घडविणाऱ्या पेशी अडकल्या, तर मात्र क्वचित ‘डर्मॉइड पुटी’ होते. पुटी म्हणजे आतून पेशींचे अस्तर असलेली बंद पिशवी. या पेशी आपला धर्म सोडत नाहीत. त्या केराटीन तयार करतात. कधी पिशवीत केसही सापडतात! हा ऐवज बाहेर पडू शकत नाही, म्हणून पिशवी सावकाश फुगते. हाताला ती मळलेल्या कणकेसारखी लागते.

मोठी पुटी जीभ वर ढकलते. बोलणे, गिळणे, तान्ह्या बाळाला तर श्वास घेणेही कठीण होते. सुईने ती रिकामी केली, तरी अस्तर राहते आणि पुटी पुन्हा भरते. म्हणून शस्त्रक्रियेने अस्तरासह पूर्ण पिशवी काढतात. नवी मुंबईत नेरूळ, खारघर, कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत. तोंडात न दुखणारी गाठ आढळली, तरी ती दाखवून घ्यावी.