गाटा लूप्स आणि गिअरचा हिशोब

मेकॅनिकलच्या पोरांना गिअर रेशो परीक्षेच्या आदल्या रात्री कळतो. मला तो जुलै २०२४ मध्ये मनाली-लेह रस्त्यावर, सायकल आडवी टाकून ओकताना कळला. (आमचं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.)

सरचूच्या तंबूतून सकाळी सहाला आम्ही दोघे निघालो, मी आणि माझा रूम पार्टनर. सरचूची उंची सुमारे ४,२९० मीटर. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर सोपे. झाड नाही, गाव नाही, मधूनच एखादा टँकर. मग गाटा लूप्स : २१ वळणे, दहाएक किलोमीटर, चढ अंदाजे ४५० मीटर.

आता थोडं गणित. मी, सायकल आणि सामान मिळून ९० किलो. तेवढं वजन ४५० मीटर वर न्यायला ९० × ९.८ × ४५०, म्हणजे साधारण ३९७ किलोज्यूल काम. वारा आणि घर्षण वेगळं. शरीर खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाव ऊर्जा पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता. म्हणजे खर्च चौपट, जवळजवळ ३८० किलोकॅलरी. आपल्या मेसच्या तीन-चार चपात्या समजा. एवढंच? मलाही असंच वाटलं होतं.

माझ्या सायकलला पुढे ४२, ३२ आणि २२ दात्यांच्या तीन चकत्या, मागे सर्वात मोठी ३२ ची. चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर. पुढे ३२, मागे २१ ठेवलं तर पेडलच्या एका फेरीत सायकल ३.१५ मीटर जाते. पुढे २२, मागे ३२ ठेवलं तर १.४२ मीटर. म्हणजे पायाला जोर निम्म्याहून कमी, पण फेऱ्या दुपटीहून जास्त. काम तेवढंच. हा व्यवहार आहे, सूट नव्हे.

पार्टनर पहिल्या वळणापासून २२-३२ वर, मुंगीसारखा. मी ३२-२१ वर, कारण छोटी चकती बायकांसाठी असते असं मी हॉस्टेलमध्ये सगळ्यांना सांगून निघालो होतो. मूर्खपणा, दुसरं काय! सातव्या वळणाला मांड्या दगड झाल्या. नवव्याला तो मला ओलांडून गेला, काही बोलला नाही. मग मी गुपचूप गिअर खाली आणला.

पाय सुटले, पण डोकं ठणकतच राहिलं. खरं म्हणजे ते पहाटेपासून दुखत होतं आणि मी सांगितलं नव्हतं. चौदाव्या वळणाला उलटी झाली.

"सकाळपासून दुखतंय ना?" पार्टनरने विचारलं.

"थोडंसं. पण आता इतकं आलोय..."

"अरे, गिअरने जोर कमी होतो, ऑक्सिजन वाढत नाही!"

बरोबर होतं त्याचं. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्केच असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेच २१ टक्के, पण प्रत्येक श्वासात तो कमी येतो. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. डोकेदुखी आणि उलटी असताना आणखी चढणं म्हणजे फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्याला आमंत्रण. आणि पुढे नकीला, त्यानंतर ५,००० मीटरच्या वरचा लाचुंगला. मध्येच तब्येत बिघडली तर दोन्ही बाजूंना चढच.

मी भांडलो. तो म्हणाला, "तू वर गेलास तर मी येणार नाही." मग एका ट्रकवाल्याला हात केला. सायकली मागे पोत्यांवर टाकल्या आणि आम्ही केबिनमध्ये. ड्रायव्हरने चहाचा थर्मास पुढे केला आणि म्हणाला की असे महिन्यात चार-पाच तरी नेतो. सरचूलाही बरं वाटलं नसतं तर पंचाईत होती, कारण त्याच्या मागे बारालाचा, म्हणजे पुन्हा चढच. सुदैवाने रात्री डोकं थांबलं.

एक पूर्ण दिवस झोप, पाणी, सूप. तिसऱ्या दिवशी पुन्हा निघालो. पहिल्या वळणापासून २२-३२. एकविसावं वळण तीन तास दहा मिनिटांनी आलं. त्या लूप्सवर प्रवासी पाण्याच्या बाटल्या ठेवतात अशी एक जागा आहे. तिथे आम्हीही एक ठेवली आणि नकीलाकडे निघालो.