पानोपानी आभाळ: मुलांच्या पुस्तकांचा चित्रकार व्हायचंय?

“चित्रं सुरेख काढते, पण पुढे काय?” पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी एकच काम नीट पाहू: ढग आणि आकाशावरचं चित्रपुस्तक.

काम नेमकं काय?

चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं, कारण छपाईचा मोठा कागद दुमडल्यावर पानं 8 किंवा 16च्या पटीत पडतात. शीर्षक वगैरे वगळता चित्रकाराला साधारण 12 ते 14 जोडपानं मिळतात. सगळीकडे आभाळच असेल, तर मूल पान उलटेल कशासाठी? कसब इथेच लागतं. एकदा भातखाचरातून वर पाहायचं, एकदा घारीच्या नजरेने खाली. कुठे गच्च मेघ, कुठे कोरा सोडलेला कागद. मजकुराला जागा ठेवायची, महत्त्वाचा चेहरा मधल्या घडीत जाऊ द्यायचा नाही. आधी स्टोरीबोर्ड, मग डमी म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना आणि शेवटी रंग.

निरीक्षणही हवं. क्युम्युलस ढगाचा तळ सपाट दिसतो, कारण वर चढणारी हवा ठरावीक उंचीवर पुरेशी गार होते आणि बाष्पाचे थेंब तिथून बनू लागतात. सिरस ढग हिमकणांचे, म्हणून तंतुमय. क्षितिजाजवळचा निळा रंग फिकट असतो. हे ठाऊक असलं की कल्पनेतलं आभाळही खरं वाटतं.

डेव्हिड वीझनर यांचं ‘सेक्टर 7’ (1999) शब्दांविना ढगांची गोष्ट सांगतं. मराठीत माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं पाहा. त्या लिहितात आणि चित्रंही काढतात.

शिक्षण कुठे?

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्या. बारावीनंतर महाराष्ट्रातल्या अनेक कला महाविद्यालयांत बी.एफ.ए.साठी सीईटी असते. डिझाइन शिकायचं तर मुंबई आयआयटीच्या आयडीसीसाठी यूसीड, तर अहमदाबादच्या एनआयडीसाठी डॅट ही प्रवेशपरीक्षा असते. कामासाठी ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका, प्रथम बुक्स, एकलव्य या प्रकाशकांची पुस्तकं अभ्यासा.

पालकांसाठी

सुरुवातीला फक्त पुस्तकांवर घर चालेल, असं गृहीत धरू नका. पाठ्यपुस्तकं, ॲनिमेशन, जाहिरात, अध्यापन यांची जोड लागते. करार लेखी हवा: मानधन एकरकमी की रॉयल्टी, मूळ चित्रं कोणाकडे राहतील, पुनर्मुद्रण आणि भाषांतराचे पैसे मिळतील का, हे आधीच ठरवा.

मुलाचा कल मार्कांवरून किंवा एखाद्या सुबक चित्रावरून जोखू नका. सुट्टीत त्याला आभाळावर 32 पानांची पेन्सिलची डमी करू द्या. अर्ध्यात कंटाळा आला, तर चित्रकला छंद म्हणूनही आनंद देईल. पण एखाद्या लहान मुलाला डमी दाखवून, ते कुठे रेंगाळतं, कुठे भराभर पानं उलटतं हे पाहून तुमचं मूल आपणहून पानं बदलायला बसलं, तर त्याला या वाटेवर मनापासून साथ द्या.