सायकलला आरसा घ्यायचाय? आधी हँडल बघा

चला, सायकल बाहेर काढा. आरशांचे फोटो बघत बसू नका आणि दुकानात जायची घाईही नको. मागचं दाखवणारा आरसा निवडायचं निम्मं काम अंगणात नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्येच होतं. तिथे नीट बघून गेलात की दुकानदार काहीही पुढे करो, तुम्हाला काय हवंय ते तुम्हाला माहीत असतं.

जवळ एवढं घेऊन बसा: मोजपट्टी, पर्समधला किंवा दाढीचा छोटा सपाट आरसा, चिकटपट्टी, ३, ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की, धारदार कटर, सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा आणि मऊ फडकं. घरातलं एक माणूसही लागेल, त्याला चहाचं आमिष दाखवून ठेवा.

घरी

१. सायकल सपाट जागी सरळ उभी करा. साइड स्टँडवर ती कलते आणि सगळा अंदाज चुकतो. मदतनीसाला समोर उभं राहून पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरायला सांगा.

२. आरशाची बाजू ठरवा. आपण रस्त्याच्या डावीकडून जातो आणि गाड्या उजवीकडून पुढे काढतात, म्हणून आरसा उजवीकडे. अमेरिकेत किंवा जर्मनीत सायकल चालवत असाल तर डावीकडे. परदेशी व्हिडिओ बघून डाव्या बाजूचा आरसा मागवणारे बरेच असतात, तेवढं सांभाळा.

३. हँडलचा आकार बघा. सरळ दांडा आहे, दुधवाल्यांच्या काळ्या सायकलसारखा मुठी मागे वळलेला आहे, की रेसर सायकलसारखा खाली वाकलेला? सरळ दांड्याला टोकात घुसवायचा आरसा छान बसतो. मागे वळलेल्या हँडलच्या टोकात तो घुसवलात तर वळताना मांडीला लागेल. तिथे पुढच्या बाजूला पट्ट्याने आवळायचा, दांडीवरचा आरसा हवा. रेसर हँडलला टोकातलाच पण लहान आरसा घ्या, मोठा घेतलात तर गुडघा आपटतो.

४. उजव्या मुठीचं टोक अंगठ्याने दाबून बघा. प्लॅस्टिकचं टोपण असेल तर ते उपसून काढा आणि जपून ठेवा. टोक उघडं ठेवून सायकल चालवू नका. पडताना नळीची कड पोटात किंवा मांडीत घुसते आणि जखम खोल होते. रबरी मूठच टोकाला बंद असेल तर आत्ता काही कापू नका, आरसा हातात येईपर्यंत थांबा.

५. नळीचा आतला व्यास मोजा. सरळ हँडलची नळी मुठीपाशी बाहेरून साधारण २२ मिलिमीटर असते, रेसरची जवळजवळ २४. पण आपल्याला आतलं माप हवं, कारण आरशाची खुंटी आत जाते. मोजपट्टी तोंडावर आडवी धरून धातूच्या एका आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत वाचा. रबर धरून मोजलंत तर माप चुकलंच म्हणून समजा. टोक बंद असेल तर डाव्या मुठीचं बघा. तेही बंद असेल तर मूठ बाहेर ओढून काढा आणि मोजा.

६. मूठ आणि ब्रेकची पकड यांच्यामधली मोकळी जागा मोजा. पट्ट्याने आवळायच्या आरशाला साधारण दोन सेंटिमीटर लागतात. घंटी, दिवा, मोबाईलचा स्टँड, गिअरचा खटका यांनी ती आधीच खाल्लेली असते. पट्ट्याचाच आरसा घ्यायचा असेल तर आवळायच्या जागी दांड्याचा बाहेरचा व्यासही लिहून ठेवा, कारण मध्याकडे दांडा जाड होत जातो.

७. आता आजची सगळ्यात कामाची गोष्ट. घरातला छोटा आरसा चिकटपट्टीने हँडलच्या उजव्या टोकाला लावा आणि नेहमी बसता तसे सायकलवर बसा. तसेच म्हणजे तसेच: पाठ तेवढीच वाकलेली, कोपर तेवढंच बाहेर, आणि रोज पाठीवर सॅक असेल तर सॅकसुद्धा. पुढे बघा, मग मान न हलवता नजर आरशाकडे न्या. काय दिसतंय? नुसता शर्टाचा हात दिसत असेल तर आरसा आणखी बाहेर जायला हवा. तो इंचाइंचाने बाहेर धरून बघा आणि कोपरापलीकडचा रस्ता कुठे दिसायला लागतो ते मोजून लिहून ठेवा. सैल कुर्ता, वाऱ्यावर उडणारी ओढणी, पावसाळ्यातला फुगणारा रेनकोट यांचाही इथेच विचार करा. पुण्यात काय, कोकणात काय, चार महिने रेनकोट असणारच, आणि त्याची बाही आरसा झाकते. शंका असेल तर रेनकोट घालून एकदा बसा. शेजारी हसले तर हसू देत.

८. हँडल पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे वळवून बघा. चिकटवलेला आरसा गुडघ्याला लागत असेल तर ती जागा बाद.

दुकानात

९. मापाची चिठ्ठी आणि घरातला छोटा आरसा खिशात टाकून निघा. जमलं तर सायकलवरूनच जा. मागे वळलेल्या हँडलची माणसं अंदाजाने आरसा आणतात आणि दुसऱ्या दिवशी परत करायला जातात.

१०. प्रकार सांगून मागा: “टोकात बसणारा” किंवा “पट्ट्याने आवळायचा”. नुसतं “सायकलचा आरसा द्या” म्हणालात तर मुलांच्या सायकलची रंगीत जोडी मिळेल. हेल्मेटला किंवा चष्म्याला लावायचे इवलेसे आरसेही मिळतात. रेसरवाल्यांना ते आवडतात, पण डोळा सरावायला वेळ लागतो, म्हणून पहिला आरसा तो नको. मनगटावर बांधायचा आरसा माझं ऐकाल तर घेऊच नका. हात हलला की चित्र गेलं. मोटारसायकलचा आरसाही नको, तो जड असतो आणि त्याचे आटे अडकवायला सायकलच्या ब्रेकपाशी जागाच नसते.

११. पाकिटावरचं माप वाचा. टोकात बसणाऱ्या आरशावर “इतक्या ते इतक्या मिलिमीटर” असं लिहिलेलं असतं. तुमचं माप त्या दोन आकड्यांच्या मधोमध असलं तर उत्तम. अगदी कडेला असेल तर एक तर शिरत नाही, नाहीतर पुढे ढिला पडतो.

१२. दुकानाबाहेर उभी असलेली एखादी मोटारसायकल नव्या आरशात बघा आणि लगेच शेजारी धरलेल्या घरच्या सपाट आरशात बघा. फुगीर काचेत ती लहान दिसणारच, त्याबदल्यात रस्ता रुंद दिसतो. आपल्या रहदारीत फुगीरच बरा, कारण रिक्षा कुठल्या कोपऱ्यातून घुसेल ते सांगता येत नाही. पण सपाट आरशातल्यापेक्षा गाडी निम्म्याहून लहान दिसत असेल तर तो परत ठेवा. असल्या आरशात ट्रक खेळण्यातला वाटतो आणि तुम्ही निवांत राहता.

१३. आरसा हातभर लांब धरा आणि क्षणभरच नजर टाका. मागून येणारी स्कूटर आहे की कार, एवढं कळलं पाहिजे. निरखून बघावं लागत असेल तर काच लहान आहे. सरळ हँडलला सात-आठ सेंटिमीटरचा गोल पुरतो, रेसरला पाच-सहा.

१४. आता सांधा तपासा. दांडी मुठीत धरा आणि तोच हात दुसऱ्या तळव्यावर पाच-सहा वेळा आपटा. आरशाने मान टाकली तर घेऊ नका. आपल्या रस्त्यावर तो पहिल्या गतिरोधकालाच आकाश दाखवेल. आरशाची मान दोन बोटांनी वळते का तेही बघा. वळवायला पान्याने ढिली करावी लागत असेल तर रोज कटकट होते. बोटांना जोर लागावा पण वळावी, एवढी घट्ट हवी. दुकानदार “घट्ट करून देतो” म्हणाला तर तिथेच घट्ट करून घ्या आणि पुन्हा आपटून बघा.

१५. काच की प्लॅस्टिक ते विचारा. काच स्वच्छ दिसते पण पडली की गेली. ॲक्रिलिक सहजासहजी फुटत नाही, मात्र कोरड्या फडक्याने पुसलं तर चरे पडतात. सायकल गर्दीच्या पार्किंगमध्ये लागत असेल तर ॲक्रिलिक घ्या आणि ओल्या फडक्याने पुसत जा.

१६. आरसा आत दुमडून बघा. लोकलच्या डब्यात, लिफ्टमध्ये, जिन्याखाली सायकल ठेवणाऱ्यांनी न दुमडणारा घेऊच नये.

१७. पैसे द्या. साधे आरसे दीड-दोनशेच्या आसपास सुरू होतात. त्यातलाही सांधा पक्का असेल तर चालतो, आणि महागातला ढिला असेल तर नाही.

बसवताना

इथून पुढे टोकात बसणारा आरसा धरून सांगते. पट्ट्याचा असेल तर १८ ते २० सोडा, पट्टा दांड्याभोवती घाला (ढिला वाटला तर २०मधला ट्यूबचा उपाय करा) आणि २१व्या पायरीवर या.

१८. बंद रबरी मूठ असेल तर आता तिचं टोक कापा. आत नळीची कड हाताला लागते, त्या कडेने कटर गोल फिरवा. दुसरा हात पात्याच्या वाटेत ठेवू नका. आतून कडक प्लॅस्टिक असलेली मूठ असेल तर स्वतः कापायला जाऊ नका, दुकानात करून घ्या.

१९. नळीचं आतलं तोंड फडक्याने पुसा. माती किंवा तेल राहिलं तर खुंटी गरगर फिरते.

२०. खुंटी आत ढकला. अडली तर हातोडी घेऊ नका, तिचा स्क्रू थोडा ढिला करा. उलट ती आत खुळखुळत असेल तर तिच्यावर जुन्या ट्यूबची पट्टी एक वेढा गुंडाळून पुन्हा घाला. पट्ट्याच्या आरशालाही हाच उपाय, आणि दांड्यावर ओरखडे पडत नाहीत हा वरचा फायदा.

२१. स्क्रू अर्धाच आवळा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की आतली पाचर फुगून नळीला धरते. आत्ताच पूर्ण आवळलात तर कोन बदलताना सगळं पुन्हा सोडावं लागेल. हँडल कार्बनचं असेल तर इथेच थांबा. त्यावर अंदाजाने जोर लावायचा नसतो, टॉर्क पाना असलेल्या मेकॅनिककडे जा.

२२. सायकलवर बसा आणि आरसा आडवा फिरवून कोन लावा. आतल्या कडेला तुमच्या बाहीची जेमतेम बोटभर पट्टी दिसू द्या. पट्टी अजिबात दिसली नाही तर आरसा रस्त्याबाहेरचं दाखवतोय, जास्त दिसली तर तुम्ही स्वतःलाच बघताय.

२३. आता वरखाली कोन लावा. दूरचा रस्ता जिथे संपतो ती रेघ आरशाच्या मध्यापेक्षा जरा वर हवी. उभं राहून लावू नका, बसल्यावर सगळं बदलतं.

२४. कोन न हलवता स्क्रू पूर्ण आवळा. एका हाताने आरसा धरा, दुसऱ्याने ॲलन की फिरवा. हाताला घट्ट लागलं की थांबा. त्यानंतरच्या एका जादा फेऱ्यात प्लॅस्टिकला चीर जाते.

२५. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. केबल, बोटं किंवा गुडघा कशालाही आरसा लागता कामा नये.

रस्त्यावर

२६. सायकलवर बसून राहा आणि मदतनीसाला उजव्या बाजूने मागून चालत तुमच्या शेजारी यायला सांगा. तो आरशातून कधी गायब होतो ते बघा. आरशातून गेला आणि अजून डोळ्यांच्या कडेला आला नाही, तेवढ्या टप्प्यात अख्खी मोटारसायकल मावते. ती जागा तुम्हाला कुठलाच आरसा दाखवणार नाही. तिथे मान वळवूनच बघायचं.

२७. रिकाम्या गल्लीत एक फेरी मारा. आरशाकडे नुसती नजर टाका आणि लगेच पुढे बघा. आरशात रेंगाळलात की समोरचा खड्डा तुमचाच.

२८. गतिरोधकावरून जाऊन बघा. चित्र थरथरत असेल तर दांडी जितकी आखूड करता येईल तितकी करा. कोन सरकला तर २२ ते २४ या पायऱ्या पुन्हा.

२९. आता उजवं वळण घ्या, याच क्रमाने: आरसा, मान, हात, मग वळण. आरसा रिकामा दिसला म्हणून मान वळवायची सोडू नका. फुगीर काचेत गाडी दिसते त्यापेक्षा जवळ असते. आधी दुपारच्या निवांत वेळी चार वळणं घ्या, संध्याकाळची गर्दी नंतर.

३०. पहिल्या आठवड्याच्या शेवटी स्क्रू पुन्हा आवळून बघा, हटकून थोडा ढिला झालेला असतो. पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर तेलाचा एक थेंब सोडा, नाहीतर गंजून ॲलन कीचं भोक झिजतं आणि मग आरसा काढायला दुकानच गाठावं लागतं. पार्किंगमधून सायकल काढताना मात्र रोज एकदा कोन बघूनच निघा, शेजारच्या स्कूटरने तो बहुतेक वेळा सरकवलेला असतो.